नाकासमोर पनीर

कुत्र्याला घरच्या घरी करामती शिकवायच्या म्हटलं की सर्वांत आधी कामाला लागतात ते माणसाचे गुडघे. कुत्रा पाच वेळा बसून उठतो, तेवढ्यात आपण दहा वेळा वाकलेलो असतो. निम्म्या वेळा खाऊ दाखवायला आणि निम्म्या वेळा हातातून निसटलेला खाऊ तो गिळायच्या आत उचलायला. त्याला किती व्यायाम झाला हे मोजायच्या रीती आहेत, आपला कुणी मोजत नाही. तरीही कमरेला बटवा बांधून रोज हॉलमध्ये उभं राहावं लागतं. नुसतं फिरवून आणलेला तरणा कुत्रा दहा मिनिटांत पुन्हा चप्पल घेऊन हजर होतो. पाच मिनिटं डोकं आणि मागचे पाय एकाच वेळी वापरायला लावले, तर मात्र निमूट पंख्याखाली आडवा होतो.

पाच मिनिटं हा शब्द शब्दशः घ्यावा. सकाळी तीन ते पाच, संध्याकाळी तेवढीच. उत्साहाच्या भरात अर्धा तास शिकवणाऱ्या माणसाचा कुत्रा सहाव्या मिनिटापासून जमीन हुंगू लागतो, जांभया देतो, ओठ चाटतो, विनाकारण कान खाजवतो. त्याला पिसवा झालेल्या नसतात. तो सभ्यपणे तास संपल्याचं सांगत असतो.

बटव्यात काय असावं यावर घरोघरी मतभेद आहेत. माझं मत पनीरला. बिनमिठाचं उकडलेलं चिकनही उत्तम, पण ते बटव्यात राहिलं आणि बटवा खुंटीवर राहिला तर दुसऱ्या दिवशी सबंध घराला कळतं. तुकडा हरभऱ्याएवढा, त्याहून मोठा नको. मोठा तुकडा चावत बसण्यात कुत्र्याचे पाच सेकंद जातात आणि आपण कशासाठी दिला होता हे दोघंही विसरतात. ज्यांच्या पोटाला दूध सोसत नाही त्यांना त्यांच्याच ताटलीतलं कोरडं अन्न मोजून बाजूला काढावं. काकडीचे आणि गाजराचे तुकडेही चालतात, फक्त ते पाहून कुत्र्याने तोंड फिरवलं तर अपमान मानू नये.

आता हिशेब. १५ किलोंचा, नसबंदी झालेला, बेताने हालचाल करणारा कुत्रा दिवसाला साधारण ८५० कॅलरींत भागवतो. वरखाऊ त्याच्या एक दशांशाच्या आत ठेवायचा, म्हणजे ८५. एवढ्यात जेमतेम २८ ग्रॅम पनीर बसतं. त्याचे पाव पाव ग्रॅमचे शंभरावर तुकडे होतात, शिकवणीला ते पुरून उरतात. अडचण पनीरची नाहीच. ती आहे दुपारच्या चहाच्या वेळी आजींच्या खुर्चीखाली. छोटं ग्लुकोज बिस्किट साधारण २० कॅलरींचं असतं. ‘अगं, एवढंसं तर दिलं’ असं म्हणत चार गेली, की दिवसाचा सगळा कोटा चहात बुडाला. त्यासाठी कुत्र्याला ना बसावं लागलं, ना गिरकी घ्यावी लागली. आजींच्या शिकवणीला त्याची हजेरी शंभर टक्के असते यात नवल नाही. यावर भांडण हा उपाय नाही. आजींच्या हातीच सकाळी मोजलेली डबी द्यावी आणि ‘यातलंच द्यायचं’ एवढं ठरवावं. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या मात्र विषासमान. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. तिथे भांडावं.

मग येते खुणेची टिकटिक. कुत्र्याने बरोबर केलं त्या क्षणी एक ठरावीक आवाज काढायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. त्यासाठी क्लिकर मिळतो. जत्रेत मिळणारा पत्र्याचा टिकटिक बेडूक त्याच घराण्यातला. क्लिकर नको असेल तर ‘येस’सारखा तोकडा शब्द घ्यावा. ‘शाब्बास रे माझ्या राजा’ म्हणेपर्यंत राजा उठून बाल्कनीत पोचलेला असतो, आणि त्याच्या लेखी शाबासकी बाल्कनीत जाण्याची असते. आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवा. शिकवायला लागण्याआधी नुसतंच टिक आणि खाऊ, टिक आणि खाऊ असं पंधरावीस वेळा करावं, म्हणजे आवाजाला किंमत येते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामाबद्दल. खाऊची सवय लागलेल्या कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते, हे प्रकरण त्याच कामाच्या पोटातून निघालं. आपल्याकडे तोच प्रयोग फ्रिजचं दार रोज करून दाखवतं.

इथून पुढे खरी परीक्षा बोटांची. खाऊच्या मागे नाक जातं आणि नाकाच्या मागे बाकीचा कुत्रा. आपल्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तलाठ्याच्या टेबलावरच्या अर्जासारखं आहे ते: जे लिहिलंय तेच मंजूर होणार. बसायला शिकवताना तुकडा नाकाला जवळजवळ चिकटवून कपाळावरून किंचित मागे न्यायचा. डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. हात चार बोटं जास्त उंच गेला तर तो उडी मारतो. फार मागे नेला तर तो उलटा चालत टीपॉयवर आपटतो. घरातले म्हणतात ‘याला समजतच नाही’. त्याला तंतोतंत समजलेलं असतं.

आडवं होणं याहून नाजूक. तुकडा नाकापासून सरळ खाली, पुढच्या दोन पंजांच्या मधोमध जमिनीला टेकवायचा आणि मग हळूच पुढे ओढायचा. घाईने आधीच पुढे ओढला, तर पुढचा भाग जमिनीवर आणि बूड वर अशी नमाज आणि दंडबैठक यांच्या मधली काहीतरी अवस्था होते, आणि तीच त्याला पाठ होते. गिरकीसाठी हात नाकाच्या उंचीवर ठेवून परातीएवढं वर्तुळ काढायचं. बशीएवढं काढलं तर त्याची मान वळते आणि तो अर्ध्यातच खाली बसतो. डावीकडून आणि उजवीकडून सारख्याच गिरक्या घ्यायला लावाव्यात. बहुतेक कुत्र्यांना एक बाजू सोपी जाते, आणि आपणही दयाळूपणे तीच बाजू घेत राहतो.

पाचसहा वेळा जमलं की हात रिकामा करायचा. तोच इशारा, पण तुकडा दुसऱ्या हातातून. हे टाळलं की घरात एक रोखीचा व्यापारी तयार होतो. आधी माल दाखवा, मग बसतो. शब्दाची पाळी त्यानंतर. शब्द आधी, इशारा एका सेकंदाने. दोन्ही एकदम केले तर कुत्रा इशारा वाचतो आणि शब्द सोडून देतो, कारण हात वाचण्यात तो मुळातच हुशार. आणि शब्द एकदाच उच्चारायचा. ‘सिट, सिट, अरे सिट ना’ ऐकून बसणाऱ्या कुत्र्याने काही चूक केलेली नसते, तो वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहत असतो. घरात चार माणसं चार शब्द वापरत असतील तर फ्रिजवर एक कागद चिकटवावा. कुत्र्यासाठी नव्हे.

दहांतल्या आठ वेळा बरोबर आलं तर पुढची पायरी. पाचाहून कमी आलं तर मागची. वेळ, अंतर आणि व्यत्यय या तिन्ही गोष्टी एकदम वाढवायच्या नाहीत. व्यत्ययांची आपल्या घरांत मुळीच टंचाई नाही. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी, मावशींचा झाडू आणि दारावरची बेल. आधी कुकर, मग झाडू, बेल सर्वांत शेवटी. हॉलमध्ये पाठ झालेलं गच्चीवर नव्याने शिकवावं लागतं, कारण कुत्र्याच्या दृष्टीने बसणं म्हणजे ‘सोफ्याच्या डावीकडे, सकाळी, पंखा चालू असताना’ बसणं. म्हणूनच पाहुण्यांसमोर शेक-हॅण्ड होत नाही. जागा तीच असली तरी चार नवे वास सोफ्यावर बसलेले असतात. पाहुण्यांना हे पटत नाही. ते सहानुभूतीने म्हणतात, ‘लहान आहे अजून.’ कुत्रा सात वर्षांचा असतो.

व्यायामाच्या भागात शिरण्याआधी फरशीकडे पाहावं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स बिल्डरला प्रिय, कुत्र्याच्या कंबरेला नाहीत. पाय फाकतात, स्नायू ताणले जातात आणि घाबरलेला कुत्रा नखं रोवू पाहतो, त्याने तो आणखीच घसरतो. घरात कुणीतरी जानेवारीत आणलेली आणि फेब्रुवारीपासून गुंडाळून ठेवलेली योगा मॅट असतेच. तिचं भाग्य इथे उजळतं. पंजांच्या गाद्यांमधले केस कापावेत. चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढली आहेत. सरळ उभं असताना नख जमिनीला टेकता कामा नये.

सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे जेवायला बसायचा लाकडी पाट. कुत्र्याला पुढचे पाय नीट ठाऊक असतात, कारण ते दिसतात. मागचे आपले येत असतात गाडीच्या डब्यांसारखे, ऐकीव माहितीवर. पाटाखाली रबरी मॅट घालायची, नाहीतर पाट सटकतो आणि कुत्रा पुढे आठवडाभर पाटाकडे संशयाने पाहतो. पुढचे दोन पंजे पाटावर, मागचे जमिनीवर. आपण समोर. आता खाऊने त्याचं नाक थोडं त्याच्या डावीकडे न्यायचं, मागचा भाग उजवीकडे सरकतो. मागचा एक पाय हलला, त्याच क्षणी टिक. एका पावलालाच खाऊ. पहिल्या दिवशी पूर्ण फेरी मागणाऱ्याला चारही पाय पाटावर घेऊन बसलेला कुत्रा मिळतो. हळूहळू पाव फेरी, मग अर्धी. पूर्ण गोल व्हायला आठवडे लागतात. तोवर आपण मात्र पाटाभोवती शेकडो प्रदक्षिणा घातलेल्या असतात. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं, माहीत नाही.

झाडूच्या दांड्यांचे अडसर हा दुसरा प्रकार. चारपाच दांडे समांतर ठेवायचे. दोन दांड्यांतलं अंतर सुरुवातीला कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं, आणि दांड्यांची उंची पुढच्या पायाच्या मनगटाच्या खालीच. टेकू म्हणून जुने दिवाळी अंक फार सोयीचे. उंची एकेका अंकाने वाढवता येते आणि पाय लागला तर दांडा गडगडत खाली पडतो, कुत्र्याला इजा होत नाही. दांडा बांधून ठेवायचा नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. चालत न्यायचं, धावत नाही. धावला की तो सगळे दांडे एका उडीत पार करतो आणि व्यायाम शून्य होतो. टाळ्या तेवढ्या मिळतात.

बैठका या तिसऱ्या. बसायचं, उभं राहायचं, पुन्हा बसायचं. पाच झाल्या की थांबायचं, दोन वेळा पुरे. बसताना मागचे पाय पुढच्या पायांकडे ओढून आले पाहिजेत, दोन्ही गुडघे आत, पाठ सरळ. एक तंगडी बाहेर टाकून कट्ट्यावर बसल्यासारखं बसणं पिल्लांत दिसतं आणि दमल्यावर दिसतं. पण मोठा कुत्रा रोज एकाच बाजूची तंगडी टाकत असेल तर तो आळस न मानता डॉक्टरांना दाखवावं. कंबर किंवा गुडघा दुखत असू शकतो. शेपूट नळीत घालून सरळ करायच्या नादाला लागू नये, पण बैठकीवरून नजर हटवू नये.

पायांमधून आठचा आकडा काढायला लावणं दिसायला सर्वांत देखणं. साडी, गाऊन किंवा लुंगी नेसून ते करू नये, इतकंच सांगतो. नमस्काराची करामत मात्र विकत घ्यावी लागत नाही. झोपेतून उठल्यावर कुत्रा पुढचे पाय लांबवून छाती खाली नेत आळस देतो, नेमकं तेव्हा टिक करायचं. म्हणजे त्याच्या उठण्याआधी आपण हातात क्लिकर घेऊन जागं राहायचं. म्हटलं तर सोपं आहे.

काही गोष्टींना ठाम नाही म्हणावं. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं पुरती भरायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, तोवर उड्यांचा रतीब नको. बुटक्या, लांब पाठीच्या डाक्सहुंडला मागच्या दोन पायांवर बसवणं, सोफ्यावरून उडी मारू देणं नको, त्याचे मणके मुळातच नाजूक. पगला उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत दमवणं नको. आखूड नाकाला धाप टाकूनही गार होता येत नाही. जीभ टोकाशी रुंद होऊन लोंबू लागली की कुठल्याही कुत्र्याचा खेळ बंद, सावली आणि पाणी. भरल्या पोटी लोळण तर कुणालाच नको. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याची भीती असते, म्हणून जेवण आणि कसरत यांत दोनेक तासांचं अंतर राखावं. आणि लॅब्रॉडॉरच्या भुकेवर विश्वास नको. २०१६ साली केम्ब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण दर चार लॅब्रॉडॉरांतल्या एकात असा जनुकीय बदल असतो की भूक भागल्याचा निरोप नीट पोचत नाही. बाकीचे तिघं तसाच चेहरा संगतीने शिकत असावेत.

कसरतीचा परिणाम बघायला बरगड्या चाचपाव्यात. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूची हाडं लागतात तशा लागल्या तर ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर फार रोड. तळहातासारख्या लागल्या, म्हणजे लागल्याच नाहीत, तर डबीतला खाऊ निम्म्यावर आणावा. शिवाय दर पंधरा दिवसांनी वजन. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागून घालून कुत्र्याला उचलायचं, गुडघ्यांत वाकून, कंबरेतून नव्हे, आणि घरच्या काट्यावर उभं राहायचं. मग त्याला उतरवून एकट्याने उभं राहायचं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की कुत्र्याचं वजन मिळतं. वहीत फक्त उत्तर लिहावं. दुसरा आकडा लिहून ठेवायची काहीही गरज नाही.