रात्री अडीच वाजता एकट्याने हसण्याची तयारी

सगळ्यात आधी दाराला आतून कडी घाला. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात रात्री अडीच वाजता माणूस एकटाच खो खो हसायला लागला, की पहिल्यांदा गल्लीतली कुत्री भुंकतात, मग आई उठते, आणि आई उठली की मीठ-मोहऱ्या आल्याच. म्हणून हसू उशीत दाबा. पण उशीत तोंड खुपसून हसलेलं भिंतीपलीकडे हुंदक्यांसारखं ऐकू जातं. सकाळी शेजारच्या काकू पाठीवरून हात फिरवत विचारतात, "कुणी पोरगी हुती काय रं?" होती म्हणा. न्यूयॉर्कमधला एक फटीच्या दातांचा गृहस्थ १९८४ साली वेल्क्रोचा अंगरखा घालून ट्रॅम्पोलिनवरून उडाला आणि भिंतीला पालीसारखा चिकटला, म्हणून रात्रभर हसत होतो, हे समजावण्यापेक्षा प्रेमभंग सोपा पडतो.

तर छंद लावून घ्यायचाच असेल तर या गृहस्थापासून सुरुवात करा. डेव्हिड लेटरमन. १ फेब्रुवारी १९८२ला रात्री साडेबाराच्या मुहूर्तावर एनबीसी या अमेरिकन चॅनलवर त्याचा गप्पांचा आणि विनोदाचा कार्यक्रम सुरू झाला. १९९३मध्ये चॅनल बदललं, २० मे २०१५ला शेवटचा भाग झाला. मधल्या तेहतीस वर्षांत त्याने काय केलं, असं कुणी विचारलं तर ‘उंचावरून कलिंगडं खाली टाकली’ एवढंच सांगा. खरंच टाकली. कोट-टाय घालून, चॅनलच्या पैशाने, पाच मजली मनोऱ्यावरून कलिंगड खाली सोडायचं आणि ते फुटताना पुन्हा पुन्हा संथ गतीने बघायचं. यात विनोद कुठं आहे, असं विचारणाऱ्याशी वाद घालू नका. ज्याने लहानपणी गच्चीवरून पाण्याने भरलेली पिशवी खाली सोडलेली नाही, त्याला या जन्मी ते कळणार नाही. आणि ज्याने सोडली आहे, त्याला लेटरमनची गरज काय, हा प्रश्न मनातल्या मनात दाबून टाका. छंद टिकवायचा तर असे प्रश्न परवडत नाहीत.

वेळेचं गणित मात्र नीट बसवा. न्यूयॉर्कचे रात्रीचे ११.३५ म्हणजे उन्हाळ्यात कोल्हापूरचे सकाळचे ९.०५. तिथली मंडळी अंथरुणात लोळत जे बघतात, ते तुम्ही खरं तर मिसळीचा कट ओरपता ओरपता बघायला हवं. पण हे कार्यक्रम चित्रित होतात तिथल्या संध्याकाळी. लेटरमन साडेपाचच्या सुमारास स्टुडिओत उभा राहायचा, तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजलेले असायचे. म्हणजे चित्रीकरण चालू असताना रात्री उशिरा खरोखर जागं कोण? पेठेतला गुरखा आणि तुम्ही. आता सगळं यूट्यूबवर मिळतं, दुपारी जेवून पंख्याखाली पडल्या पडल्याही बघता येतं, पण तसं कदापि करू नका. डोळ्यांखाली काळी वर्तुळं नसतील तर रसिक म्हणून तुम्हाला विचारणार कोण?

जागरणावरून घरी बोलणी बसतील. अशा वेळी फुटबॉलचा आडोसा घेण्याचा मोह होतो. या गावात फुटबॉलसाठी जागणाऱ्याला सात खून माफ आहेत. २०२२च्या विश्वचषकात रात्री साडेबाराचे सामने बघायला पेठाच्या पेठा जाग्या होत्या, गल्लीच्या तोंडाला दोन मजली मेस्सी उभा होता, आणि अर्जेंटिनाचा नकाशा आयुष्यात न बघितलेले काका पेनल्टीच्या वेळी देवाला नारळ बोलत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, की तुमचा आणि मेस्सीच्या रोसारिओ गावाचा संबंध काय. तुम्हाला मात्र विचारतील. कारण साधं आहे. काका चाळीस जणांबरोबर जागतात, तुम्ही एकटे. या गावात चाळीस जणांनी मिळून केलेल्या वेडाला मंडळ म्हणतात, त्याची पावती फाडली जाते.

मग तुम्हीही मित्र जमवून बघाल. बघाच एकदा, हौस फिटेल. मी चौघांना बोलावून लेटरमनची ती प्रसिद्ध दहाची यादी ऐकवली होती. सप्टेंबर १९८५मधल्या पहिल्याच यादीचा विषय होता ‘पीज’ या शब्दाशी जवळजवळ यमक जुळणाऱ्या दहा गोष्टी. मी पोट धरून हसलो. बाकी शांत. मी भाषांतर केलं : वाटाण्याशी जवळजवळ यमक जुळणाऱ्या गोष्टी. त्यावर एक जण विचार करून म्हणाला, "वाटाणे-फुटाणे. जुळतंय की चांगलं. जवळजवळ कशाला?" पुढचा अर्धा तास मी ‘न जुळण्यातच गंमत आहे’ हे समजावत होतो. तुम्हीही समजावा. समजावलेला विनोद आणि गार झालेला पांढरा रस्सा, दोन्हींवर साय धरते, पण हार मानू नका.

लेटरमनसारखाच रात्रीचा कार्यक्रम करणारा कोनन ओब्रायन ‘सन २००० मध्ये काय होईल’ याची भाकितं २००० साल उलटून कित्येक वर्षं झाली तरी तशीच गंभीर चेहऱ्याने सांगत राहिला, हे मात्र कुणाला सांगू नका. आमच्या आप्पांनी ते ऐकून एवढंच विचारलं, "मग त्याला नवं कॅलेंडर का देत नाहीत?"

छंद मुरला की पुढची पायरी : मुद्दाम वाईट सिनेमे शोधून बघणं. त्यात ‘मॅनोस’ हा मानाचा गणपती. १९६६मध्ये टेक्सासातल्या एल पासो गावच्या एका खतविक्रेत्याने पैजेवर काढलेला सिनेमा. कॅमेरा असा, की एका दमात बत्तीसेक सेकंदच चालायचा. आवाज सगळा नंतर भरलेला, तोही दोन-चार जणांत वाटून घेऊन. तो विस्मरणातच जायचा. पण १९९३मध्ये, एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्यासमोर बसून टवाळी करतात अशा एका कार्यक्रमात तो लागला आणि अमर झाला. ही गोष्ट कोल्हापुरात सांगताना जागा बघून सांगा. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला ते हे गाव. इथे सिनेमा वाईट आहे म्हणून प्रेमाने बघतो असं म्हटलंत, तर थोरली माणसं चष्मा काढून तुमच्याकडे बघतात. शिवाय ऊस पट्ट्यात खतवाल्यांची उधारी असते. चेष्टा जपून करावी.

या प्रवासाचं शेवटचं स्टेशन अँडी कॉफमन. त्याच्यापर्यंत पोचलात की परत फिरणारी गाडी नाही. हा विनोदवीर विनोद सांगायचाच नाही. प्रेक्षक हसायला आले की तो कादंबरी उघडून वाचत बसायचा. मग त्याने बायकांशी कुस्त्या सुरू केल्या. जी चितपट करील तिला १००० डॉलर. १९८२च्या एप्रिलमध्ये मेम्फिसचा पैलवान जेरी लॉलर याने त्याला डोक्यावर आपटलं, आणि जुलैत हा मानेला आधाराचा पट्टा बांधून लेटरमनकडे गेला, तर तिथेही लॉलरने कॅमेऱ्यासमोर थोबाडीत दिली. कॉफमन १९८४मध्ये वारला. हे सगळं आधीच ठरवून केलेलं नाटक होतं हे लोकांना कळायला पुढे दहाएक वर्षं लागली.

खासबागेच्या गावात राहून ही कथा पोटात ठेवणं अवघड. मी तालमीतल्या वस्तादांना रंगवून रंगवून सांगितली : अमेरिकेतले भलेभले फसले, वर्तमानपत्रं फसली, दशकभर कुणाला उमगेना. वस्ताद तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "नुरा कुस्ती म्हण की सरळ." यावर हसू नका. मराठीत आहे, पाठीमागे बँड वाजलेला नाही, तेव्हा विनोद असण्याची शक्यता कमीच.

मग ते म्हणाले, "खुराक काय हुता त्येचा?"

खुराकाचं मला ठाऊक नव्हतं, पण दुधाचं होतं. संध्याकाळची वेळ, आम्ही चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आलो होतो. म्हशी ओळीने उभ्या, धार चालू, लोक पितळी पेल्याची वाट बघत. १९७९मध्ये कॉफमनने कार्नेगी हॉलमधला प्रयोग संपवला आणि सगळ्या प्रेक्षकांना बसमध्ये घालून दूध-बिस्किटं खायला नेलं, हे मी तिथे उभा राहून सांगितलं. माझ्या मते विनोदाच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर शेवट. सांगताना माझा आवाज जरा जडही झाला.

गवळी धार काढता काढता ऐकत होता. त्याने मान वर केली.

"म्हशीचं हुतं काय?"

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"मग काय सांगालाय राव," म्हणून तो पुन्हा कासेकडे वळला. वस्तादांनी माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं निरखून बघितली आणि त्याला म्हणाले, "एक पेला वाढव. ह्यो रात्रीचा जागतोय."