पक्षाघातात रक्तचाचणी सीटी-स्कॅनची जागा घेऊ शकते का?

पक्षाघाताच्या रुग्णाच्या रक्तातील ‘एस-१०० बी’ आणि ‘एनएसई’ ही मेंदूच्या पेशींतील प्रथिने मोजली की मेंदूची किती हानी झाली ते तत्काळ कळते, हृदयविकारात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन सांगते तितक्याच खात्रीने कळते, आणि म्हणून सीटी-स्कॅनचा खर्च टाळता येतो, असा संदेश सध्या मोबाइलवरून फिरतो आहे.

आधी ‘तत्काळ’विषयी. गुठळीने धमनी बंद झाल्यावर पेशी मरून त्यांतील प्रथिने रक्तात उतरायला वेळ लागतो. एस-१०० बी साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी शिखर गाठते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र सामान्यतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, त्यामुळे उपचार ठरवण्याच्या घटकेला हा आकडा बहुधा काहीच सांगत नाही.

ट्रोपोनिनची तुलनाही फसवी आहे. एनएसई तांबड्या पेशींतही असते, त्यामुळे नमुना घेताना त्या फुटल्या तरी आकडा वाढतो. एस-१०० बी चरबीतून आणि मेलॅनोमा या कर्करोगातही येते. शिवाय ही प्रथिने फार तर किती ऊती मेली याचा अंदाज देतात, कुठली मेली हे सांगत नाहीत, आणि मेंदूत सारा फरक जागेचाच असतो: मेंदूतून शरीराकडे जाणारे तंतू जिथे दाटीने एकत्र येतात त्या इंटर्नल कॅप्सूलमधील बोटाच्या पेराएवढ्या इजेने अर्धे अंग लुळे पडते, तर अन्यत्र त्याहून मोठी इजा कित्येकदा लक्षातही येत नाही. म्हणूनच तीव्रता खाटेपाशी, ० ते ४२ गुणांच्या एनआयएचएसएस या पक्षाघाताच्या गुणश्रेणीने तपासली जाते.

सीटी-स्कॅन टाळण्याचा सल्ला तर धोकादायक आहे. मेंदूत रक्तस्राव झालेला असताना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर प्राण जाऊ शकतो, आणि लक्षणांवरून रक्तस्राव ओळखता येत नाही, त्यासाठी स्कॅनच लागतो. रक्तस्रावात ‘जीएफएपी’ हे प्रथिन काही तासांतच वाढते, ही गोष्ट आशादायक आहे, पण लहान रक्तस्राव त्यातून निसटतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जीएफएपीवर आधारित चाचणीला मान्यता दिली ती डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी, पक्षाघाताच्या नव्हे. बहुधा तिथूनच हा घोळ सुरू झाला असावा.

पहिल्या काही दिवसांतील एस-१०० बीची उच्च पातळी मोठ्या इजेशी आणि पुढे येणाऱ्या सुजेशी जुळते, एवढा भाग खरा आहे. इंजेक्शनपूर्वी प्रत्येक रुग्णात अनिवार्य असलेली रक्तचाचणी मात्र वेगळीच आणि अगदी स्वस्त आहे: बोटाला टोचून पाहिलेली साखर, कारण ती फार उतरली की माणूस हुबेहूब पक्षाघात झाल्यासारखा दिसतो.