बोटीवर बोट लावू नये

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या पोरानं आम्हा नवराबायकोला बोटीची सहल भेट दिली. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. आता लातूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, तर भूगोलाच्या पेपरात नकाशात निळा रंग भरण्यापुरता. त्यातही आमचा निळा खडू पोरं पळवायची.

बातमी फुटली आणि मेडिकलवाला मेव्हणा संध्याकाळीच घरी आला.

"दाजी, बोटीवर जालालाव म्हणं?"

"हो."

"पोटाचं बगा मग." असं म्हणून त्यानं मोबाइल काढला.

पुढचा पाऊण तास मी नोरोव्हायरस नावाच्या प्राण्याबद्दल ऐकत होतो. 1968 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या शाळेत पोरं आणि मास्तर सगळेच उलट्या-जुलाबांनी लोळले. 1972 मध्ये तो विषाणू सूक्ष्मदर्शकात सापडला आणि पुढं गावाचं नाव त्याला चिकटलं. (शाळेचं नाव निघालं तेव्हा मास्तर म्हणून माझी छाती उगाच भरून आली.) तो पोटात गेला की बारा ते अठ्ठेचाळीस तासांत रंग दाखवतो, एक ते तीन दिवस माणसाला संडासाच्या दाराशी बांधून ठेवतो आणि बरं वाटल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, माणूस तो वाटत हिंडतो. जहाजावर हजारो माणसं तेच कठडे, तीच लिफ्टची बटणं, तेच वाढायचे चमचे धरतात, म्हणून त्याची तिथं चंगळ.

"किती विषाणू लागतात आजारी पडायला?" मी गणिताच्या सवयीनं विचारलं.

"शंभराच्या आतच. कवा कवा दहा-वीस बी पुरतात."

दहा-वीस! आमच्या वर्गात पहिल्या तासाला याहून जास्त पोरं गैरहजर असतात.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सूचनांची यादीच पाठवली. पहिलीच ओळ : बोटीवर बोट लावू नये. कुठंही. दुसरी ओळ : कच्ची कालवं खाऊ नयेत. ही यादी बायकोनं आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आईनं आयुष्यात समुद्रातली कालवं पाहिलेली नाहीत. तिनं तेवढाच शब्द पकडला.

"कालवण खाऊ नका म्हणलालाय व्हय त्यो? मंग भाकर कशासंगं खावं माणसानं?"

शिंपल्यातला जीव असतो तो, कोकणात खातात, हे समजावण्यात अर्धा तास गेला. ते ऐकून आईनं असला जीव खाणाऱ्यांना जे होतं ते बरंच होतं असा निकाल दिला आणि डबाभर धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मेव्हण्यानं ओआरएसची वीस पाकिटं दिली. ओआरएस विकताना तो गिऱ्हाइकाला हटकून 1971 ची गोष्ट सांगतो : बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजून माणसं वाचवली. आम्ही तर सहलीला निघालो होतो. तरी त्यानं ती सांगितली.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. मी बॅगेत सॅनिटायझरच्या चार बाटल्या भरल्या होत्या. मेव्हण्यानं त्या पाहून कपाळाला हात लावला. कोरोनाला चरबीचं जाकीट होतं, अल्कोहोलनं ते विरघळायचं. नोरोला जाकीटच नाही, नुसतं प्रथिनाचं टणक कवच. सॅनिटायझरला तो फारसं जुमानतच नाही. उपाय एकच : साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद.

वाहतं पाणी! हे लातूरकराला सांगावं? 12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्या गावाला. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती, 144 कलम. पोरं खेळून आली की आई त्यांचे हात ओल्या फडक्यानं पुसायची. आजही आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो आणि आल्यावर गल्लीत जी धावपळ होते ती वरात आल्यावर होत नाही. आमच्याकडं नळ मोकळा सोडणाऱ्या माणसाला मुलगी देत नाहीत.

तर असा मी बोटीवर चढलो. खोलीला खिडकी नव्हती, कारण पोरानं स्वस्तातली घेतली होती. आत शिरल्या शिरल्या नळाखाली लिटरची बाटली धरून मोजलं. वीस सेकंदांत दोन लिटर. दोघांनी दिवसातून दहा-दहा वेळा हात धुतले तर चाळीस लिटर. म्हणजे अडीच घागरी नुसत्या हातांवर! खोली झाडायला आलेल्या पोराला विचारलं, हे पाणी येतं कुठून? तो म्हणाला, समुद्राचंच पाणी बोटीवर गोडं करतात. मी भिंतीकडं, म्हणजे समुद्राच्या अंदाजानं बघितलं. एवढं मोठं धरण असूनही माझा हात नळाकडं जाताना कचरत होता.

वीस सेकंद मोजायला मी पाढा धरला. बेचा पाढा फार लवकर संपतो. एकोणतीसचा बरोबर बसतो. त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत तळवे, चोक सोळोदरसेला नखं, पुढं अंगठे. शेजारच्या बेसिनवरचे गुजराती काका आधी घाबरले. त्यांना वाटलं, मी मंत्र म्हणतोय. दुसऱ्या दिवशी मात्र ते थांबून पूर्ण पाढा ऐकून गेले.

जेवणघराच्या दारात एक हसऱ्या तोंडाचा पोरगा फवाऱ्याची बाटली घेऊन "वॉशी वॉशी" म्हणत उभा असायचा. मी त्याला नमस्कार करून थेट बेसिनकडं जायचो. आत पन्नास पदार्थ आणि प्रत्येकात एक चमचा, जो माझ्याआधी पाचशे जणांनी धरलेला. मी कागदी रुमालात गुंडाळून चमचा धरला. लिफ्टचं बटण कोपरानं दाबलं. एकदा चुकून दोन मजल्यांची बटणं दबली आणि आतल्या बाईंनी फार वाईट नजरेनं पाहिलं. जिना उतरताना कठडा धरला नाही, त्यामुळं बोट डावीकडं कलली की मी उजवीकडं आणि उलट. बायको मात्र बिनधास्त. वाढून घ्यायची, मग हात धुवायची, मग जेवायची. "अहो, येळवशीच्या सणाला शेतात अख्खा गाव एका मडक्यातली अंबिल पितो, तेव्हा कुठं जातो हो तुमचा नोरो?" असं वर विचारायची. मी तिला मडक्याचं आणि जहाजाचं प्रमाण समजावू लागलो, तोवर ती गुलाबजाम आणायला गेली होती.

दुसऱ्या रात्री वारा सुटला. बोट हलू लागली. पोटात काहीतरी उठलं, बसलं, पुन्हा उठलं आणि तोंडाला पाणी सुटलं. मी पहिला हिशेब केला : बारा ते अठ्ठेचाळीस तास. चढून झाले तीस. बरोबर मधोमध! पुढचं वर्णन करत नाही. धपाटे होते एवढंच सांगतो.

आता यादीतली शेवटची ओळ आठवली : लपवू नये, बोटीच्या दवाखान्यात लगेच कळवावं. बायको म्हणाली, "अहो, बोट लागलीय तुम्हाला. एसटीत चाकूरच्या पुढं लागते तशी." पण मास्तरानं नियम मोडायचा? मी गेलो. नर्सबाई केरळच्या. बोट लागली हे हिंदीत सांगताना मी "उंगली लग गयी" म्हणून बसलो आणि त्यांनी माझी दहाही बोटं तपासली. मग गैरसमज मिटला. उलटी किती वेळा? दोनदा. जुलाब? नाही. ताप? नाही. बहुतेक समुद्राचंच आहे, त्या म्हणाल्या, पण खात्री होईपर्यंत खोलीतच थांबा. जेवण दाराशी येईल.

तो दिवस गोव्याचा होता. बायको मंगेशीला जाऊन आली, फेणीच्या दुकानाबाहेर उभं राहून फोटो काढला आणि काजू आणले. मी खिडकी नसलेल्या खोलीत ओआरएस पीत टीव्हीवर बोटीच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून धक्का बघत होतो. धक्का हलत नव्हता. मीही नव्हतो. त्यामुळं दुपारपर्यंत मी ठणठणीत झालो, पण नियम म्हणजे नियम. वेळ जाईना म्हणून गणित केलं. मेव्हण्याच्या यादीप्रमाणे अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या बोटींवर तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी झाले की ते उद्रेक म्हणून जाहीर होतं. आमच्या बोटीवर अठराशे प्रवासी. तीन टक्के म्हणजे चौपन्न. आजारी मी एकटा, आणि तोही नापास. अजून त्रेपन्न जण हवे होते. दरवाजावर टकटक झाली की मला आशा वाटायची, पण दर वेळी सूपच असायचं.

लातूरला उतरलो तेव्हा नळाचा दिवस होता. आई दारातच म्हणाली, "हात-पाय धू आधी." मी बाहेरच्या नळाशी गेलो, नळ सोडला, साबण लावला, सुरू झालो, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे..."

नळ बंद झाला. आईनं केला होता.

"काय करलालास रे? पाढा म्हणायला पाणी कशाला लागतंय? साबण चोळ, पाढा म्हण. झाल्यावर नळ सोड."

आणि हाताखाली बादली सरकवली, कारण ते पाणी कढीपत्त्याला जातं.