साडेचारशेचा डबा

आमच्या घरचा कम्प्युटर मी २०१७ साली स्वतः जोडून घेतला. प्रोसेसर तीन दुकानं फिरून घेतला, रॅमसाठी घासाघीस केली, आणि कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा, फुकट मिळाला. फुकट आलेल्या वस्तूची चौकशी करायची नाही, ही आमच्या घराण्याची रीत. त्या डब्यावर सोनेरी अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं. पुढची आठ वर्षं मी त्या आकड्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. त्यानेही कधी तक्रार केली नाही, कारण त्याच्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग, होतं जीटी ७१०. त्याची भूक १९ वॅट. पूर्वीचा झिरोचा बल्बसुद्धा पंधराएक वॅट खायचा. नावात शून्य आणि पोटात पंधरा! छापील वॅटांबद्दल मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

यंदा चिरंजीवांची बारावी आटोपली आणि नव्या ग्राफिक्स कार्डाची मागणी आली. आधी मी नुसत्या स्लॉटवर, म्हणजे कार्ड जिथे खोचतात त्या खाचेतल्या विजेवर चालणारं, वेगळी वायर न लागणारं कार्ड सुचवून पाहिलं. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, त्यात जीटीएक्स १६५० भागतं. "बाबा, १६५०?" तो म्हणाला. लग्नाच्या वरातीला मी लूना पुढे केली असती तर त्याने याच नजरेने पाहिलं असतं. मग आरटीएक्स ३०५० वर आलो, तर एकाच नावाची दोन भावंडं निघाली. ६ जीबीवाला ७० वॅटवर समाधानी, ८ जीबीवाला १३० मागणारा. आरटीएक्स ४०६० खातं ११५ आणि कंपनी म्हणते ५५० वॅटचा एसएमपीएस ठेवा. दोन पोळ्या खाणाऱ्या पाहुण्यासाठी परातभर कणीक! पण त्यातही अर्थ आहे. बाकीच्या घरालाही जेवायचं असतं, आणि हा पाहुणा मध्येच क्षणभर दुप्पट हात मारतो.

शेवटी आरएक्स ६६०० ठरलं. १३२ वॅट, आणि कंपनीची अट निदान ४५० वॅटच्या एसएमपीएसची. बरोबर ४५०! मला तर गहिवरून आलं.

डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि पायी लॅमिंग्टन रोड, मुंबईचा कम्प्युटरच्या सामानाचा बाजार. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीला माहीत आहे. दुकानदाराने विचारलं, "एसएमपीएस कितने का है?" मी पगार सांगावा तसा सांगितला, "साडेचारसौ." तो म्हणाला, "लिखा है, या देता है?" हा प्रश्न मला तेव्हा उर्मट वाटला.

घरी आल्यावर कळलं की कार्डाला आठ पिनांची वायर लागते. मी कॅबिनेटमध्ये हात घातला, तर आठ पिनांची एक वायर होतीच! प्रोसेसरला जाणारी. ती काढून कार्डात रेटायला लागलो, तेव्हा मुलगा असा ओरडला की ही कुकर तसाच टाकून धावत आली. दोन्ही आठ पिनांच्या खऱ्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू एकमेकींच्या उलट. खाचा वेगळ्या असतात म्हणून सहसा बसत नाही. माझ्या अंगठ्यात जोर आहे, हे खाचा करणाऱ्याला ठाऊक नसावं.

मग जुन्या हार्ड डिस्कच्या दोन वायरींना कन्व्हर्टर लावून आठ पिना तयार केल्या. कम्प्युटर सुरू झाला. पंखे फिरले, मुलाने गेम लावला, पडद्यावर डोंगर दिसला, डोंगरावर किल्ला दिसला, किल्ल्याचं दार उघडलं आणि सगळं गुडुप. पुन्हा लावलं. डोंगर, किल्ला, दार, गुडुप. पाचव्यांदा ही म्हणाली, "अहो, त्या दारातून जाऊच नका ना."

रात्री बॅटरी आणि वाचायचा चष्मा घेऊन मी डब्याचं लेबल वाचलं. सोनेरी ४५०च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता होता, डबा कोणत्या व्होल्टला किती वीज देतो त्याचा. १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. ५ व्होल्टला ३० अँपिअर, १५० वॅट. ३.३ व्होल्टला २८, म्हणजे ९२. स्टँडबायचे, म्हणजे कम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारे, १०. आणि उणे १२ व्होल्टला अर्धा अँपिअर, ६ वॅट. बेरीज केली. बरोबर ४५०! माणूस खोटं बोलला नव्हता. फक्त प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात १२ व्होल्टच्या पंगतीला, आणि तिथे पानं १९२ वॅटचीच. प्रोसेसरचे ६५ आणि कार्डाचे १३२ मिळून १९७ झाले. पंखे आणि डिस्क अजून हात धुऊन उभेच होते. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये अडकलेले, मोडता न येणाऱ्या ठेवीसारखे. फार जुने प्रोसेसर ५ व्होल्टवर जगायचे, त्यांचं यात छान भागलं असतं.

"१३२ वॅट झेपत नाहीत त्याला?" ही म्हणाली. "आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. रोज चटणी वाटते मी." मिक्सर थेट भिंतीतून घेतो, मध्ये डबा नसतो, हे मी समजावलं. "मग मध्ये डबा ठेवलातच कशाला?" याचं उत्तर द्यायला अल्टरनेटिंग करंटपासून सुरुवात करावी लागली असती, आणि रात्रीचे साडेबारा वाजले होते.

पुन्हा दादर, पुन्हा ग्रँट रोड. दुकानदार मला बघून हसला नाही, हे त्याचे उपकार. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा एसएमपीएस घेतला. ८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के पुढे पोचवणारा. उरलेली तो उष्णता म्हणून स्वतः खातो. सोसायटीची वर्गणी गोळा करणाऱ्यांनाही असा शिक्का सुरू करावा, असं फार वाटतं. या वेळी मी काउंटरवरच चष्मा लावून १२ व्होल्टची ओळ वाचली.

आता किल्ल्याचं दार उघडतं. आत दुसरं दार आहे.

रविवारी भंगारवाल्याला जुना डबा दिला. त्याने तो तळहातावर दोनदा उडवून झेलला आणि तोंड वाकडं केलं. "साहेब, नुसता पत्रा आहे. आत माल नाही."

"२०१७ साली," ही दारातून म्हणाली, "लॅमिंग्टन रोडला या भंगारवाल्यांना बरोबर न्यायला हवं होतं."