सनरूफची काच ढकलू नका : 'जनहितार्थ' फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

पहिला वळीव झाला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन जणांनी टाकला. 'सनरूफ उघडं अडकलंय? शोरूमवाले अख्खं सनरूफ बदलायला लावतात! घरीच पाच मिनिटांत बंद करा.' खाली उपाय : काच दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढा. रुळांवर डब्ल्यूडी-40 मारा. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा. तरीही हललं नाही तर मोटर जळली समजा. पाणी गळत असेल तर कडेने सिलिकॉन भरा. आणि खर्च इन्शुरन्समधून काढा. शेवटी हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

यातला पहिला उपाय मी गेल्या जूनमध्ये स्वतः केला आहे, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो. कोथरूडमध्ये रस्त्यावर गाडी लावली होती, आभाळ भरून आलं, बटण दाबलं तर काच चार बोटं पुढे आली आणि परत मागे गेली. शेजारचे काका मदतीला आले. ते डावीकडून, मी उजवीकडून, 'एक, दोन, तीन' म्हणून ओढलं. कट् असा आवाज झाला. काच खरंच पुढे आली, पण फक्त त्यांच्या बाजूने. मग वरून प्लास्टिक, त्यावर आईची जुनी सतरंजी, आणि रात्रभर खिडकीतून गाडीकडे बघणं.

सकाळी गॅरेजवाल्याने तिरकी काच पाहिली आणि गाडीला हात न लावताच विचारलं, "काका, जोर लावला ना?"

काच मोटरला थेट जोडलेली नसते. मोटरच्या दातेरी चाकात दोन केबल अडकलेल्या असतात, वरून स्प्रिंगसारखे वेढे असलेल्या. एक डाव्या रुळात, एक उजव्या. दोन्ही एकदम सरकल्या तरच काच सरळ येते. आणि मोटरमध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक. गाडी उचलायचा स्क्रूवाला जॅक आठवा : दांडा फिरवला की गाडी उचलली जाते, पण गाडीच्या वजनाने दांडा उलटा फिरत नाही. इथेही तेच. तुम्ही काच ओढता तेव्हा मोटर जागची हलत नाही, सगळा जोर जातो केबलच्या वेढ्यांवर आणि काच धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर. माझ्या गाडीत त्यातलाच एक तुटला. मूळ बिघाड काय होता? डाव्या रुळात सोनमोहराच्या पाकळ्या. एप्रिल-मेमध्ये ज्या झाडाखाली गाडी लावत होतो, त्याच्या पिवळ्या पाकळ्या जुन्या ग्रीसमध्ये रुतून त्यांचा घट्ट चिखल झाला होता. गॅरेजवाला जुन्या टूथब्रशने तो काढून बनियनच्या चिंधीला पुसत होता, आणि मी नाना पेठेत तुटलेला तुकडा सुटा मिळेल का म्हणून फिरत होतो.

हाताने बंद करायची सोय काही गाड्यांत असते, पण ती वेगळी. छतावरच्या दिव्याचं कव्हर काढलं की मोटरच्या टोकाला षटकोनी खाच दिसते, तिथे ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, लावून सावकाश फिरवायची. किंवा मोटरचे स्क्रू सोडून ती केबलपासून वेगळी केली की काच हाताने सरकते, मात्र दोन्ही बाजू बरोबरीने. तुमच्या गाडीत यातलं काय चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीसकट कोरं पडलेलं असतं.

दुसरा मुद्दा तेलाचा. डब्ल्यूडी-40 हे नावच मुळात पाणी हटवणाऱ्या मिश्रणाच्या चाळिसाव्या प्रयोगावरून पडलंय. गंजलेला नट सोडवायला ते उत्तम. रुळांवर मारलं तर आहे ते ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि ओलसर थरावर धूळ बसते. सनरूफच्या कडेचं रबर बहुतेक वेळा ज्या जातीचं असतं, ते पेट्रोलियम तेलाने फुगतं. रूळ कोरड्या फडक्याने पुसा, कंपनीने सांगितलेलं ग्रीस थोडंसं लावा, रबराला सिलिकॉनवालं वंगण. खोबरेल तेलाबद्दलही विचारणा झाली. नको.

बॅटरीच्या उपायात मात्र अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवतो. काच कुठे आहे हे कंट्रोल युनिट मोटरचे फेरे मोजून ओळखतं. वाटेत अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागला की कुणाचा तरी हात मध्ये आहे असं समजून काच मागे नेतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे आपोआप बंद होणाऱ्या सनरूफला 100 न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोच्या दाबाच्या आत मागे फिरावं लागतं. माझी काच पुढे येऊन मागे गेली ती बिघडली म्हणून नाही, तिने तिचं काम केलं म्हणून. आता बॅटरी काढलीत तर बऱ्याच गाड्यांमध्ये हा हिशेबच पुसला जातो. मग एका स्पर्शात बंद होणंही थांबतं आणि काचेला पुन्हा सगळं शिकवावं लागतं : बटण दाबून धरायचं, काच हलून थांबेपर्यंत सोडायचं नाही, मग पुन्हा दाबायचं. क्रम आणि सेकंद प्रत्येक गाडीचे वेगळे. शिकवताना ती हाताची राखण अनेकदा बंद असते, तेव्हा बोटं लांब. आणि आधी रूळ साफ करा.

बॅटरी काढण्याऐवजी आधी इंजिन चालू करून बघा. उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना 14 च्या जवळ. आठवडाभर न हललेल्या गाडीत एवढ्या फरकानेही काम होऊन जातं.

'मोटर जळली समजा' हे तर डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशन सांगण्यासारखं. बटण दाबा आणि ऐका. काहीच आवाज नाही? आधी फ्यूज, मग स्विच आणि वायरिंग, मोटर शेवटी. मोटर घरघरते पण काच ढिम्म? केबल निसटली किंवा तिचे वेढे गेले. काच तिरकी? बटण सोडा, पुन्हा दाबू नका. शोरूमवाल्यांवरचा राग अगदीच खोटा नाही, काही मॉडेलला सुटा भाग न देता पूर्ण सांगाडाच विकतात. पण निदान होईपर्यंत दोष कुणाला देणार?

सिलिकॉन भरणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. काचेच्या कडेने थोडं पाणी आत यायचंच, तशीच रचना असते. ते खालच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. छताचं कापड ओलं झालं तर बहुधा नळी तुंबलेली असते. तुम्ही वरून सिलिकॉन भरलंत तर काचच चिकटून बसेल, नळी तुंबलेलीच. पन्हळीत पेलाभर पाणी हळू ओता, खाली रस्त्यावर ठिबकतंय का बघा. नळीत तार घालू नका, फाटते. पंक्चरवाल्याकडची हवाही जोरात मारू नका, आतला जोड सुटला तर छत उतरवावं लागतं.

इन्शुरन्सचं एका वाक्यात : नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड वगळलेला असतो.

आणि पाऊस आत्ता सुरू झाला असेल तर जाड प्लास्टिक छतावर पसरा, दोन्ही कडा दारांच्या वरून आत घ्या आणि दारं लावा. पुढची-मागची कड मास्किंग टेपने चिकटवा. खाकी टेप नको, दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचा गोंद रंगावर राहतो. गाडी चढावर लावायची असेल तर तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी मागच्या काचेकडे उतरेल. सतरंजी घालू नका, ती पाणी पिऊन दुपारपर्यंत आत ठिबकत राहते. आईची ती सतरंजी अजून वाळली नाही असं घरात म्हणतात.