रात्री तीनच्या राउंडला कोण बघायला येतं?

आमच्या ख्रिस्ती देवळात वाचन करणारे, गायनवृंदातल्या मुली, सणाला मंडपासाठी राबणारे, यांची नावं मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाल्यावर घेतली जातात. घ्यावीतच. पण आमच्या वसईत श्रद्धावंत कोण असं विचारलं की बोट फक्त त्यांच्याकडेच वळतं, हे मला खटकतं.

मी नर्स होते. पहाटेची लोकल धरून मुंबईतल्या हॉस्पिटलांत जाणाऱ्या आमच्याकडे खूप जणी आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. रात्रीच्या राउंडला ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आता मशीन सांगतं. वॉर्डात श्वास मात्र बहुतेकदा आपणच मोजायचा असतो, पूर्ण एक मिनिट, आणि तोही पेशंटला कळू न देता. कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघायच्या निमित्ताने मनगटावर बोटं ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. मोठ्या माणसाला मिनिटाला १२ ते २० हे नॉर्मल. आता जुने चार्ट चाळून बघा: १८, २०, १८, २०. जणू अख्खा वॉर्ड एका तालावर श्वास घेतोय!

न मोजता आकडा टाकण्यात सगळा आळस नसतो. एका सिस्टरच्या माथी किती पेशंट मारतात ते मला ठाऊक आहे. पण जमलं नाही तर रकाना कोरा ठेवावा. गोम अशी की कोऱ्या रकान्याबद्दल बोलणी बसतात, खोट्या आकड्याला कोणी हटकत नाही. आणि पेशंट ढासळायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वासच वाढलेला असतो.

थैलीत दोन वजनं ठेवू नका, एक जड एक हलकं, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट बजावलंय. म्हणजे देव बाजारातल्या वजनांतही लक्ष घालतो. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, जाताना आपल्याला मात्र चुकलेली मिस्सा तेवढी आठवते.

गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले. आपण सांगतो ते त्यांचं मरण. पण ते धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते, आणि जपानी येत असल्यामुळे मिशनचे दुभाषी. दुभाष्याने एखादं अडचणीचं वाक्य जरा गोड करून पुढे सरकवलं, तर दोन्हीकडच्यांना पत्ता लागेल का? मला त्यांची ती रोजची नोकरीच जास्त अवघड वाटते.

'प्रामाणिक राहा, देव भरभरून देतो' ही साक्षही मला पटत नाही. पूर्ण मिनिट मोजणारीचा राउंड उशिरा संपतो आणि सकाळी तिलाच ऐकून घ्यावं लागतं. ड्युटीवर टेबलाशी बसून जपमाळ ओढणारीचं मात्र कौतुक होतं. (आमच्या वॉर्डात सगळ्यात नेमाने श्वास मोजणारी बाई मंगळवारचा उपवास करायची. सचोटीचा मक्ता आपल्याकडे नाही.)

धर्मगुरूंना एक विनंती आहे. पापनिवेदनाच्या तयारीला जे प्रश्न वाचून दाखवता, त्यात एक वाढवा: न करता 'केलं' असं तू कुठे लिहिलंस? न वाचलेल्या वहीवर सही करणारे मास्तर आणि घरबसल्या मीटर रीडिंग टाकणारे आपल्यातच आहेत. रांग हळू सरकेल, पण सरकू दे.