रोल्स-रॉइस फक्त संस्थानिकांच्या पैशावर मोठी झाली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. रोल्स-रॉइसच्या इतिहासावरच्या लेखात मी तिच्या गाड्यांची यंत्रं घडवणाऱ्या हेन्री रॉइसच्या कारागिरीचं नको तितकं कौतुक केलं, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या मते ही कंपनी जाहिरातबाजीवर आणि आपल्या संस्थानिकांच्या पैशावर मोठी झाली. अलवारच्या महाराजांनी तिच्या गाड्या कचरा वाहायला लावून तिची जिरवली, ते मी दडपलं. शिवाय तुम्ही विचारता की इंजिनीअरिंग एवढं थोर होतं, तर १९७१ साली दिवाळं कसं निघालं? हे सगळं आपल्याकडे पुष्कळ जण मनापासून मानतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस म्हटलं की चांदीचा पत्रा, शिकारीचे मोठे दिवे, पडदानशीन राण्यांसाठी काळ्या काचा असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंपनी विकायची ती चॅसिस, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं आणि पुढचा रेडिएटर. बॉडी गिऱ्हाईक बार्कर, हूपर, मुलिनर अशा कोचबिल्डरांकडून आपल्या मर्जीप्रमाणे बांधून घ्यायचं. आपल्याकडे ट्रकची नुसती चॅसिस घेऊन बॉडी बाहेर बांधून घेतात, तसाच प्रकार. म्हणजे महाराजांची हौस बॉडीवर दिसायची आणि रॉइसचं काम तिच्याखाली झाकलेलं असायचं. मी लिहिलं ते त्या झाकलेल्या भागाबद्दल.

गिऱ्हाइकांचंही तेच. १९०७ ते १९२६ या काळात कंपनीच्या सिल्व्हर घोस्ट या मॉडेलच्या सुमारे ७,९०० गाड्या बनल्या. त्यांतल्या १,७०० अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात तयार झाल्या. परक्या देशात कारखाना काढायचा म्हटल्यावर कंपनीने अमेरिका निवडली, कारण बाजार तिथे होता. संस्थानिक हौशी आणि मोठे गिऱ्हाईक होते, पण कंपनी त्यांच्या जिवावर उभी होती असं म्हणायला आधार नाही.

अलवारची गोष्ट मी जाणूनबुजून घेतली नाही. लंडनच्या शोरूममध्ये अपमान, मग सगळ्या गाड्या कचऱ्याला, मग कंपनीची गयावया, हीच गोष्ट शब्दाचाही फरक न करता भरतपूर, पतियाळा आणि हैदराबादच्या नावावरही सांगितली जाते. तिला त्या काळातला विश्वासार्ह पुरावा नाही. तिच्यासोबत फिरणाऱ्या फोटोकडे नीट बघा. झाडू पुढच्या चाकांच्या समोर बांधलेले आहेत. तसा बांधलेला झाडू टायरखाली येणारा खिळा बाजूला सारतो, त्याने कचरा गोळा होत नाही. गोऱ्या साहेबाची खोड मोडल्याचं ऐकून आपल्याला बरं वाटतं हे मी समजू शकतो. पण बरं वाटतं म्हणून ती इतिहासात घालायची माझी तयारी नाही.

जाहिरातीबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. क्लॉड जॉन्सन हा कंपनीचा व्यवस्थापक प्रसिद्धीत तरबेज होता. १९०७ साली त्याने एका गाडीला चंदेरी रंग दिला, तिच्या पितळी भागांवर चांदीचा मुलामा चढवला आणि तिचं नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. हे सगळं दिखाऊच होतं. पण पुढे त्याने काय केलं ते बघा. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या निरीक्षकांच्या नजरेखाली ती गाडी लंडन-ग्लासगो रस्त्यावर अखंड पळवली. ६२९ मैलांवर पेट्रोलचा कॉक (तोटी) हादऱ्याने बंद होऊन ती एकदा थांबली. त्यानंतर सलग १४,३७१ मैल ती बिघाडाने एकदाही अडली नाही. मग पंधरा हजार मैल पळालेलं ते यंत्र क्लबने सुटं करून भाग न् भाग मोजला. झिजलेले सुटे भाग नव्यासारखे करायला दोन पौंडांच्या आसपास खर्च आला. माप घेणारा माणूस आपला नाही, हे माहीत असताना गाडी त्याच्या हाती द्यायला कारखान्याबद्दल खात्री लागते.

ती खात्री कुठून आली? आधीच्या सहा सिलिंडरच्या मॉडेलमध्ये क्रॅंकशाफ्ट, म्हणजे इंजिनातले मुख्य फिरते दांडे, थरथरायचे, तुटायचेही. रॉइसने नव्या इंजिनात शाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंग दिली, दाबाने तेल पोचवलं आणि सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत बसवले. गाडीची प्रसिद्ध शांतता इथून आली. ही जाहिरात खात्याची कामं नव्हेत.

१९१२ सालची गोष्ट तर तुम्ही वापरायला हवी होती, ती कंपनीच्या विरोधातच जाते. आल्प्समधल्या स्पर्धेत जेम्स रॅडलीची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्गच्या घाटात अडकली. तीन गिअरच्या गिअरबॉक्सला तो चढ झेपेना, माणसं उतरवावी लागली. ‘जगातली सर्वोत्तम मोटार’ म्हणवणाऱ्यांची भर रस्त्यात नाचक्की! त्यावर त्यांनी चार गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवला, पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेत गाड्या उतरवल्या आणि मैदान मारलं. नुसत्या जाहिरातीवर जगणाऱ्याने त्या स्पर्धेकडे पुन्हा फिरकूनही पाहिलं नसतं.

आणि आपल्याकडचा घाटही यात आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली, तिच्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टने बक्षिसं मिळवली. कोल्हापूरला जायचं तर सह्याद्री चढणं आलं, तेही त्या वेळच्या कच्च्या रस्त्यांनी. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली. क्रम लक्षात घ्या, आधी घाट आणि मग महाराज.

मला खरं वाईट वाटलं ते तुमच्या एका शब्दाचं, ‘अमीरउमरावांचा धंदा’. कंपनीच्या नावातला दुसरा माणूस चार्ल्स रोल्स लॉर्डचा मुलगा होता, ईटन-केंब्रिजचा, हे खरं. पण तो १९१० साली बोर्नमथला विमान कोसळून गेला, तेव्हा अवघा ३२ वर्षांचा होता. ज्याने यंत्रं घडवली तो रॉइस नऊ वर्षांचा असताना बाप गेला. त्याने वर्तमानपत्रं विकली, तारा (टेलिग्राम) वाटल्या. मावशीच्या पैशावर पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करत होता, तीही पैसे संपल्यामुळे अर्धवट राहिली. मग मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर दारावरच्या घंट्या, डायनॅमो आणि क्रेन बनवायला लागला. जुनी फ्रेंच देकोव्हिल घेतली, ती पसंत पडेना, म्हणून स्वतःची गाडी बनवली. १ एप्रिल १९०४ रोजी ती रस्त्यावर आली. रोल्सची भेट त्यानंतर महिनाभराने, मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात. हा माणूस उमरावांच्या पंक्तीत कधी जन्मला नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल मी भरभरून लिहिलं, पुढेही लिहीन.

राहिलं १९७१. दिवाळं मोटारींनी काढलं नाही, कंपनीच्या विमान-इंजिनांच्या धंद्याने काढलं. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ हे जेट इंजिन बनवायला घेतलं होतं. त्याच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची होती. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळावं लागलं, आणि ठरलेल्या किमतीत इंजिन देणं अशक्य झालं. ४ फेब्रुवारीला कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे देणेकऱ्यांसाठी बुडीत कंपनीचा ताबा घेणाऱ्याच्या, हाती गेली. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या ब्रिटिश सरकारने विमान-इंजिनांचा भाग राष्ट्रीयीकृत केला. मोटारींचा विभाग नफ्यात होता. तो वेगळा काढून १९७३ साली शेअर बाजारात आणला गेला. इंजिनीअरांची महत्त्वाकांक्षा हिशेबाच्या पुढे धावली, ही टीका मला पूर्ण मान्य आहे, पण ती विमानाच्या इंजिनाची टीका आहे. आणि तेच आरबी-२११ पुढे बोइंग ७४७ला लागलं.

१९९८च्या विक्रीचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू गावचा मोटारींचा कारखाना घेतला आणि नाव मात्र ४ कोटींत बीएमडब्ल्यूकडे गेलं. त्यावर पुढचा लेख लिहितोय. तिथेही पटलं नाही तर असंच सडेतोड लिहा.